बाप वाया गेलेला चालेल, दार वाकलेलं चालणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतल्या एका बिघडलेल्या कुटुंबावर तुम्ही बारा-बारा मिनिटांची अ‍ॅनिमेशन मालिका लिहिताय. दोन भाग लिहून झालेत. वाचणारे हसतात, पण शेवटी म्हणतात, ‘यातल्या एकावरही जीव बसत नाही.’ आणि तिकडे ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिकेतला बाप होमर पोटच्या पोराचा गळा आवळतो, ड्युटीवर झोपतो, बायकोच्या वाढदिवसाला स्वतःचं नाव कोरलेला बोलिंगचा बॉल आणतो, तरी लोक इतकी वर्षं त्याला घरचा मानतात. त्यांना हे कसं जमतं?

मी बावीस वर्षं स्टोरीबोर्ड करते, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या आधी एकेक शॉट कागदावर काढते. सिम्प्सन्सवर कधी काम केलेलं नाही. पण एका परदेशी मालिकेचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात सिम्प्सन्सचे चार भाग हातात देऊन सांगितलं, ‘नुसते बघू नका, थांबवत थांबवत कागदावर उतरवून काढा.’ ती खोड आजतागायत गेलेली नाही. तेव्हा उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

आधी दाराबद्दल बोलते. तुमच्या पहिल्या भागात बाबा रागाने दार आपटतो, दार चौकटीतून सुटतं, गच्चीपर्यंत उडतं आणि खिडकीतून परत आत येतं. वाचताना मलाही हसू आलं. पण माझ्या मते तुमची गाडी तिथेच घसरली.

सिम्प्सन कुटुंब पहिल्यांदा दिसलं १९८७ मध्ये. ट्रेसी उलमन या नटीच्या विनोदी कार्यक्रमात मधेमधे दाखवायला मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने छोटे छोटे तुकडे केले होते, एकूण ४८. नावं त्याने घरातलीच उचलली: वडील होमर, आई मार्गारेट (मालिकेत ती झाली होमरची बायको मार्ज), बहिणी लिसा आणि मॅगी (मालिकेतल्या पोरी). स्वतःच्या जागी बार्ट घातला. इंग्रजीत वांड पोराला ‘ब्रॅट’ म्हणतात, त्याच अक्षरांची अदलाबदल. पुढे त्याची अर्ध्या तासाची मालिका करायची ठरली. पहिला भाग कोरियातून रंगून-हलवून परत आला आणि पाहणाऱ्यांचे चेहरे पडले. सगळं रबरासारखं लवलवत होतं, दार आपटलं की दारसुद्धा पातळ पदार्थासारखं हलायचं. जुन्या कार्टूनांत हे चालून जातं. ग्रेनिंग आणि निर्माते जेम्स ब्रुक्स यांना मात्र असं जग हवं होतं जिथे भिंत भिंतीसारखी वागते आणि माणूस पडला की त्याला लागतं. त्या भागातलं जवळजवळ ७० टक्के काम पुन्हा करावं लागलं. शुभारंभाचा म्हणून केलेला तो भाग शेवटी पहिल्या हंगामाच्या अगदी शेवटी, मे १९९० मध्ये दाखवला गेला. मालिका सुरू झाली ती १७ डिसेंबर १९८९ ला, नाताळच्या विशेष भागाने.

एका दारावरून एवढा खर्च कशाला? तर वर पिवळी कातडी, चार बोटं, निळा केसांचा मनोरा असा सगळा वेडेपणा असताना खालची जमीन टणक लागते. दार खोटं असेल तर बिलही खोटं वाटतं. उडालेलं दार खिडकीतून आपसूक परत येतंय म्हटल्यावर पुढच्या पानावर तुमचा बाबा ‘आता हप्ता कुठून भरू’ म्हणाला तर मी कशाला घाबरू? हप्ताही येईल की खिडकीतून.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या एका मालिकेत आजोबा गॅलरीतून खाली पडतात असा शॉट होता. अ‍ॅनिमेशन करणाऱ्या पोराने मेहनतीने तो असा हलवला की आजोबा चेंडूसारखे तीनदा उसळले. शॉट सुरेख झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच दृश्यात आजोबा पायाला प्लास्टर घालून पडलेत आणि नातू शेजारी बसून रडतोय. ते कुणाला लागलंच नाही, आणि हसूही कुणाला आलं नाही. चूक पोराची नव्हती, माझी होती. बोर्डवर मी ‘पडतात’ एवढंच लिहिलं होतं. कसे, ते लिहिलं नव्हतं.

आता त्या नाताळच्या भागाकडे या, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथे सुटतो. गोष्ट अशी. दहा वर्षांचा बार्ट दंडावर गोंदवून घ्यायला बसतो. आईला भेट म्हणून ‘मदर’ लिहून घ्यायचं असतं. मार्ज त्याला मधेच ओढून नेते, तोवर ‘मॉथ’ एवढीच अक्षरं झालेली असतात. मॉथ म्हणजे दिव्याभोवती फिरणारं पाखरू. ते काढून टाकायला नाताळासाठी बरणीत साठवलेले सगळे पैसे जातात. मार्ज निश्चिंत असते, होमरचा बोनस येणार आहे ना! इकडे होमर कामाला असतो त्या अणुवीज प्रकल्पाचा मालक बर्न्स यंदा बोनस नाही असं जाहीर करून मोकळा झालेला असतो. होमर ते घरी सांगत नाही. बाजारात सांताक्लॉज बनून बसायची नोकरी धरतो. शेवटी हातात पडतात १३ डॉलर, कारण दाढीचं भाडंसुद्धा पगारातून कापलेलं असतं. मग मित्राच्या नादाने कुत्र्यांच्या शर्यतीला जातो आणि एकास नव्व्याण्णव भाव असलेल्या कुत्र्यावर सगळे पैसे लावतो. का? तर त्याचं नाव ‘सांताचा छोटा मदतनीस’ असतं. बार्टही धीर देतो, की टीव्हीवर नाताळात गरीब पोरांसाठी चमत्कार होतोच. कुत्रा शेवटचा येतो. मालक त्याला हाकलून देतो, ते धावत येऊन होमरच्या अंगावर उडी मारतं आणि ही बापलेकाची जोडी त्याला घेऊन घरी जाते. घरच्यांना वाटतं, हीच भेट.

ही साखळी हाताने कागदावर उतरवा आणि प्रत्येक कडीपुढे लिहा: हे त्याने कुणासाठी केलं? बार्टने आईसाठी, मार्जने बार्टसाठी, होमरने सगळ्यांसाठी. नुकसान करणारी प्रत्येक कृती मायेपोटी झालेली आहे. मूर्खपणा भरपूर आहे, पण घरातल्या माणसांत दुष्टपणा औषधालाही नाही. तो बर्न्सच्या वाट्याला दिलाय, म्हणजे घराबाहेर ठेवलाय. तुमच्या दुसऱ्या भागात बाबा सोसायटीच्या गणपतीची वर्गणी उडवतो ती मित्रांबरोबर ढाब्यावर. मग आई ओरडते, पोरं टोमणे मारतात, बाबा खोटं बोलतो. हे सगळं खरं आहे, असे बाबा मी पाहिलेत. पण त्यात तो एकटाच खातो आणि बाकीचे भरतात. अशा माणसावर जीव बसवायचा कसा?

आणि आकडा. १३ डॉलर हा आकडा त्या भागातला सगळ्यात मोठा विनोद आहे आणि सगळ्यात मोठं दुःखही. तुम्ही लिहिलंय, ‘बाबा कर्जात बुडतो.’ किती रुपयांच्या? कुणाकडून घेतलेले? परत कधी द्यायचेत? मध्यमवर्गीय घरातली भांडणं गोळाबेरीज रकमेवरून होत नाहीत, अमुक तारखेच्या अमुक रुपयांवरून होतात.

पैशावरून एक आठवलं. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्प्सन्ससारखी कमी व्हायला हवीत. ‘द वॉल्टन्स’ ही सत्तरच्या दशकातली मालिका, महामंदीच्या काळातल्या एका गुणी डोंगरी कुटुंबाची. सिम्प्सन्सवाल्यांनी तीन दिवसांत एक छोटा प्रसंग जोडला. कुटुंब टीव्हीवर तेच भाषण बघतंय आणि बार्ट म्हणतो, आम्ही अगदी वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीपण मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय. ‘आम्ही चांगले आहोत’ असा बचाव ते करत बसले नाहीत. बोट सरळ खिशाकडे दाखवलं.

तुम्ही वापरलेल्या ‘बिघडलेलं कुटुंब’ या शब्दाचा पहिल्याच हंगामात एक भन्नाट निकाल लागलेला आहे. तो भाग नाही पाहिला तर जरूर पाहा. कंपनीच्या सहलीत होमरला आपल्या घरच्यांची लाज वाटते. मार्ज सरबत समजून भलतंच पिते आणि गाणी म्हणते, पोरं धिंगाणा घालतात, आणि शेजारच्या गाडीत एक गुणी कुटुंब एकमेकांचे मुके घेत निघालेलं असतं. रात्री होमर सगळ्यांना घेऊन लोकांच्या खिडक्यांतून डोकावत फिरतो, चांगली कुटुंबं कशी वागतात ते शिकायला. मग टीव्हीवर डॉक्टर मार्विन मन्रोची जाहिरात दिसते: उपचार २५० डॉलर, गुण नाही आला तर दुप्पट पैसे परत. पोरांच्या कॉलेजसाठी साठवलेले म्हणून निघतात ८८ डॉलर ५० सेंट. पुरत नाहीत, म्हणून होमर टीव्ही गहाण टाकतो. टीव्ही! या घरातला देवच म्हणा ना.

दवाखान्यात डॉक्टर सांगतो, तुमच्या त्रासाचं कारण चित्रात काढा. बायको आणि पोरं, तिघंही होमर काढतात. मग मऊ गादी लावलेले सोटे देतो, एकमेकांना मारून राग काढा म्हणून. बार्ट सोट्याची गादी काढून टाकतो. सगळ्यात शेवटी पाच खुर्च्या, प्रत्येकासमोर बटणं आणि अंगाला वायरी. कुणी मन दुखावलं की त्याला शॉक द्यायचा. काही क्षणांत सगळे सगळ्यांना शॉक देत सुटतात. इथे कॅमेरा कुठे जातो ते बघा: खोलीबाहेर, शहरावर. स्प्रिंगफील्डचे दिवे मंद होतात, पुन्हा लागतात, पुन्हा मंद होतात. प्रकल्पात बसलेला बर्न्स वीज खपतेय म्हणून खूश. बोर्ड करणाऱ्याची ही खरी कमाल आहे. खोलीत राहिला असता तर तो छळ दिसला असता, लांब गेल्याबरोबर तो विनोद झाला. मी हा शॉट नव्या पोरांना कितीदा दाखवला असेल याला गणती नाही.

डॉक्टर हात टेकतो आणि ५०० डॉलर परत देतो. कुटुंब हसतखेळत नवा टीव्ही घ्यायला निघतं. सुधारलं कुणीच नाही. पण पाचही जण पहिल्यांदाच एका बाजूला आले, ते डॉक्टरला हरवण्यात. तुमच्या भागांच्या शेवटी बाबा सॉरी म्हणतो आणि आई ‘आपण सगळे शिकलो’ असं काहीतरी बोलते. हे तुम्हाला कुणीतरी घालायला लावलंय असा माझा संशय आहे, कारण मलाही लावलं होतं. एका वाहिनीच्या मीटिंगमध्ये ‘पालकांना टेकअवे हवा’ म्हणून आमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी तीस सेकंदांची शिकवण जोडली. पोरांना बसवून चाचणी घेतली, तेव्हा ती तीस सेकंद सुरू झाली की पोरं पाणी प्यायला उठायची. अगदी घड्याळ लावल्यासारखी.

याच भागातली आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे होमर लाजणारा आणि मार्ज टल्ली. नंतरच्या काळात हे बरोबर उलटं झालं. होमरचा आवाजही आधी वेगळा होता. डॅन कॅस्टेलानेटा सुरुवातीला वॉल्टर मॅथाऊ या नटाच्या ढंगात बोलायचा, पण त्या घोगऱ्या आवाजात सगळ्या भावना बसेनात आणि तासन्‌तास ध्वनिमुद्रण करताना तो टिकेना, म्हणून त्याने बदलला. आवाज मोकळा झाला तसा माणूसही चिडक्याचा भाबडा होत गेला. जॉन स्वार्ट्झवेल्डर या लेखकाने मालिकेचे ५९ भाग लिहिलेत. आपण होमरला बोलणारा मोठा कुत्रा समजून लिहायचो, असं त्याने २०२१ च्या एका मुलाखतीत सांगितलं. आत्ता जगातला सगळ्यात दुःखी, पुढच्या क्षणी एक नाणं सापडलं की सगळ्यात सुखी. कुत्रा चप्पल फाडतो, उंबऱ्यावर घाण करतो, पण तो डाव धरून बसत नाही. तुमचा बाबा पहिल्या भागातला अपमान दुसऱ्या भागात काढून दाखवतो. ते काढा. तुमच्या पात्रांचे स्वभाव आत्ताच ठरवून कुलपात घालू नका, असंही सांगेन. पहिले सहा भाग पात्रं सरकणारच. आवाज देणारा नट मिळाला की तर हमखास सरकतील.

गळा आवळण्याबद्दल विचारलंत. तो गॅग, म्हणजे ठरलेला विनोद, चालला कारण बार्ट लगेच उठून उभा राहतो आणि होमरला घाबरून राहत नाही. घाबरलेलं मूल काढलंत की संपलं. २०२३ मध्ये एका भागात होमर स्वतःच म्हणाला की मी आता ते करत नाही, काळ बदललाय, तर त्याची बातमी झाली. तुम्ही मात्र हा गॅग घेऊ नका. आपल्याकडे पट्टा आणि लाटणं अजून बऱ्याच घरांत खरंखुरं उगारलं जातं. खुर्चीतला प्रेक्षक कुणाच्या बाजूने हसेल, सांगता येत नाही.

आता जीव बसण्याचा मुद्दा. यासाठी मी एकच उदाहरण देते, १९९५ च्या जानेवारीतलं. बार्ट आणि लिसा फोटोंचा अल्बम चाळताना विचारतात, यात मॅगीचा एकही फोटो कसा नाही? होमर गोष्ट सांगतो. त्याने कर्ज फेडून एकदा प्रकल्पाची नोकरी सोडली होती, जाताना बर्न्सच्या डोक्यावर ढोलासारखा ताल धरला होता आणि मनासारखं काम पकडलं होतं, बोलिंगच्या अड्ड्यावर. दिवस सुखाचे. तेवढ्यात तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळतं. त्या पगारात तिसरं मूल भागणार नाही. होमर परत प्रकल्पात जातो. बर्न्स त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकतो: ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.’ इथून आपण वर्तमानात येतो. होमर मुलांना म्हणतो, फोटो जिथे मला उमेदीची गरज आहे तिथे लावलेत. आणि टेबल दिसतं. पाटीवर मॅगीचे फोटो असे चिकटवलेत की काही अक्षरं झाकली गेलीत, आणि उरलेल्या इंग्रजी अक्षरांतून वाचता येतं: ‘हे तिच्यासाठी कर.’

हा शॉट काही सेकंदांचा आहे, आणि त्यात होमर काहीच बोलत नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि मी एका अशा स्टुडिओत रात्रपाळी करत होते जिथे पगार दोन-दोन महिने लांबायचा. तेव्हा माझं मत पूर्णपणे निष्पक्ष आहे असं समजू नका. पण कारागिरी बघा. बावीस मिनिटं ते तुम्हाला नुसतं हसवतात, मायेचा एकही शब्द उच्चारत नाहीत, आणि मग सगळी शिल्लक एका पाटीवर खर्च करतात. तुम्ही दर तीन पानांनी आईला डोळे पुसायला लावलंय.

बाकीचं पटापट. तुमच्या मालिकेतल्या शेजारच्या जोशीकाकांना अर्धं करा. ते शहाण्यासारखे येऊन ‘हे घर आहे की वेड्यांचा बाजार’ म्हणतात, ते एकदा ठीक. सिम्प्सन्सने असा शहाणा माणूस १९९७ मध्ये एकाच भागात आणला, फ्रँक ग्राइम्स. आयुष्यभर कष्ट केलेला, वर एक आणि खाली एक बोलिंगचा अड्डा अशा खोलीत राहणारा. होमरचं ऐसपैस घर आणि ताटातला लॉबस्टर बघून त्याचं डोकं फिरतं, होमरची नक्कल करत तो उघड्या वायरींना हात लावतो आणि मरतो. फार काळा, फार धारदार भाग आहे. पण असा माणूस रोज दारात उभा राहिला तर ते कुटुंब आठवडाभरही टिकणार नाही. प्रेक्षकाला कुटुंबाच्या वेडेपणाची जाणीव असतेच, काकांनी ती करून द्यायला नको.

लांबी कमी पडली तर घाबरू नका. १९९३ च्या एका भागात वेळ भरेना म्हणून साइडशो बॉब या खलनायकाला दाताळ्यांवर पाय देऊन दांडा तोंडावर आपटून घ्यायला लावलं, एकदा नव्हे, नऊ वेळा. तिसऱ्यांदा हसू येतं, पाचव्यांदा कंटाळा येतो, आठव्यांदा पोट दुखतं.

तुमचा बिल्डिंगचा वॉचमन मात्र मला खटकला. त्याच्या तोंडी विनोद असा एकही नाही, फक्त मोडकं मराठी आहे. सिम्प्सन्सने हीच चूक अपूच्या बाबतीत केली. स्प्रिंगफील्डमधलं किराणा दुकान चालवणारा भारतीय, आवाज हँक अझारियाचा. त्याला पुढे चांगले प्रसंग मिळाले, लग्न झालं, एकदम आठ पोरं झाली, पण लोकांच्या तोंडी राहिला तो त्याचा हेल. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय पोरांना शाळेत त्या हेलाने चिडवलं जायचं. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला आणि २०२० मध्ये अझारियाने तो आवाज देणं थांबवलं. कुटुंबातल्या पाचही जणांना त्यांनी हव्यास दिले, लाज दिली, स्वप्नं दिली. दुकानदाराला आधी हेल दिला, बाकीचं नंतर. तुमच्या वॉचमनला काय हवंय ते ठरवा. साधंच असू दे. त्याला रात्री डास चावतात आणि सोसायटी कॉइलचे पैसे देत नाही, एवढंही पुरे.

दुसरा भाग पुन्हा लिहायला घेतलात तर मी काय करेन ते सांगते. वर्गणीची रक्कम ४,३५० रुपये. लाख केलीत तर ती पोलिसांची गोष्ट होते. बाबा ते पैसे ढाब्यावर घालवत नाही. पोरीच्या चष्म्यावर तोच बसलाय, दांडी मोडलीये, आणि आईला कळायच्या आत नवा चष्मा आणायचाय. दुकानदार त्याला लुटतो, नंबरही चुकीचा निघतो. आरतीच्या वेळी पोरगी आंधळ्यासारखी ताम्हणाऐवजी सेक्रेटरींच्या टकलावर फुलं वाहते. आई हिशेबाची वही मागते. तिथून पुढचं तुम्ही लिहा. आणि त्याआधी पहिल्या भागातलं ते खिडकीतून परत येणारं दार काढा. मोडलेलं दार तसंच राहू दे, पुढच्या भागात त्याच्या जागी जुना पडदा लावा.